आवाजावरून तर छान वाटतेस

"नमस्कार, ताई. तुम्ही एकट्या नाही," फोनमधली बाई म्हणाली, आणि तिने दचकून फोन कानापासून लांब धरला. बोलणारी बाई ती स्वतःच होती.

दुपारची वेळ. बाळ जमिनीवरच्या गादीवर झोपलं होतं. त्याला पलंगावर ठेवायचा तिला धीर होत नव्हता, आणि कडेवर घ्यायचा तर त्याहून नाही. गॅलरीच्या दाराला कडी घालून तिने वर खुर्चीही लावून ठेवली होती. सकाळी बाळाला घेऊन तिथे उभी असताना मनात जे येऊन गेलं, ते तिने अजून स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. ते कुणाला तरी सांगायचं म्हणूनच हा नंबर फिरवला होता. इथेही कुणी खरं मानलं नाही, तर पुढे कुणापाशी जायचं हे तिला सुचत नव्हतं.

आवाज देणं हा तिचा पेशा. बँकेला फोन लावला की ती, लिफ्टमध्ये शिरलं की ती. "वहिनी, आजही तुम्ही मला दारापासून दूर उभं राहायला सांगितलंत हं," असं दीर प्रत्येक भेटीत न चुकता म्हणायचा. नव्या आयांच्या मदतीसाठी हा नंबर सुरू झाला, तेव्हा त्याचा संदेशही तिनेच वाचला होता. बाळाचा विचारही नव्हता तेव्हा, नंतर ती ते विसरूनही गेली होती. "बाळंतपणानंतर मन खचून जाणं सात-आठ जणींत एकीच्या वाट्याला येतं," या वाक्याशी ती अडखळली होती.

"एवढ्या जणी? छपाईत काही चुकलंय का?"

"आकडा बरोबर आहे, मॅडम," काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "तुम्ही फक्त हसून वाचा. हसलेलं ऐकू येतं."

ती हसली. पहिल्याच वाचनात पसंत.

आता तोच हसरा आवाज तिला सांगत होता, "अपुरी झोप, एकटेपणा, हाताशी कुणी नसणं, घरातले ताण, नवखी जागा, सततचा गोंगाट, यांनी हा त्रास बळावू शकतो." भिंतीपलीकडे फरशी कापायचं यंत्र किंचाळत होतं, बाळ घरी आल्यापासून ते थांबलं नव्हतं. नवऱ्याच्या बदलीमुळे ऐन दिवसांत घर बदललं होतं. शेजारी कोण राहतं, तिला माहीत नव्हतं. आई तिकडे वडिलांच्या आजारपणात अडकलेली. ही यादी कुणी आपल्याच घरात बसून लिहिली की काय, असं तिला वाटलं.

तिने सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. "आई, मला काही बरं वाटत नाही गं," ती फोनवर म्हणाली होती. आई म्हणाली, "आवाजावरून तर छान वाटतेस! तुझ्या वेळी मला मेलीला तोंडातून शब्द काढायचं त्राण नव्हतं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यासारख्या उत्साही आया भेटल्या की आम्हालाच बरं वाटतं." नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, मग तिच्या गालावर हात ठेवून म्हणाला, "तू रडगाणंसुद्धा जाहिरातीसारखं गातेस बघ." वाईट कुणीच नव्हतं. गळा देवाने दिलेला, त्यावर इतक्या वर्षांची मेहनत. आत काहीही चाललेलं असलं, तरी ओठांबाहेर पडणारा शब्द इस्त्री करूनच निघायचा.

"आमच्या सर्व ताई इतर मातांशी बोलत आहेत. कृपया प्रतीक्षा करा," ती स्वतःला म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. मग पुन्हा. स्वतःच्या गोडव्याचा तिला उबग आला.

अखेर खट्ट झालं. "हॅलो, बोला."

"नमस्कार, ताई," ती म्हणाली. "मला थोडी मदत हवी होती."

पलीकडची बाई शेजारच्या कुणाला तरी म्हणाली, "अगं ए, माझ्या लाइनवर परत आपली नमस्कारवाली लागली. रेकॉर्डिंग अडकलंय वाटतं."

"मग ठेव की! लाइनवर इतक्या जणी ताटकळल्यात."

"नाही, नाही, ठेवू नका. मी खरंच बोलतेय," ती म्हणाली. स्पष्ट, प्रसन्न, एकेक अक्षर मोजून मापून.

फोन बंद झाला.

ती फोनकडे बघत राहिली. आई फसली, डॉक्टर फसल्या, नवरा फसला. आता तर हे लोक तिला यंत्रात जमा करून मोकळे झाले. तिला हसू फुटलं. ते वाढत गेलं, आणि वाढता वाढता मध्येच कुठेतरी त्याची वाट चुकली. पोटातून काहीतरी वर आलं, डोळ्यांतून, नाकातून वाहू लागलं. असला आवाज आपल्याजवळ आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. फाटका, घोगरा, कुठल्याही स्टुडिओतून हाकलून दिला असता असा.

तिने पुन्हा नंबर लावला. "तुम्ही एकट्या नाही," ती फोनमधून हसून सांगत राहिली आणि फोनच्या अलीकडे हुंदके देत राहिली.

"हॅलो?" तीच बाई.

तिने नमस्कार म्हणायला तोंड उघडलं. नमस्कार आलाच नाही. "मी... बाळ माझं..." श्वास तुटला. "मला ना... माझीच भीती वाटते हो."

पलीकडून सुटकेचा मोठा निःश्वास ऐकू आला.

"चला, एकदाचं माणूस लागलं!" ती बाई म्हणाली. "बोला ताई."