एका दमात

मॉनिटरवर रक्ताची गाठ हिराताईंच्या मांडीतून सुटली आणि वर निघाली. एरवी ती फुप्फुसात गेली असती. पण ताईंच्या हृदयाच्या आतल्या पडद्याला जन्मापासून एक भोक होतं. तिथून निसटली, तर थेट मेंदूत!

"ताई, बोलत राहा. मेंदूला धक्का लागला तर बोलण्यावरून लगेच कळेल," डॉक्टर केतकी म्हणाली. एकेकाळी ती ताईंच्याच संघात खेळायची. रक्तात सोडलेला मोहरीएवढा यंत्रमासा तिने भोकापाशी आणून उभा केला.

जन्मभर कबड्डी शिकवलेल्या ताईंनी छाती भरून श्वास घेतला. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

गाठ हृदयात शिरली. मासा झेपावला आणि हुकला! "कबड्डी, कबड्डी..." गाठ भोकाच्या तोंडाशी आली. केतकीने मासा आडवा घातला. त्याचा जबडा मिटला.

त्याच क्षणी ताईंचा आवाज थांबला.

"ताई!" केतकी किंचाळली. मॉनिटरकडे बघायचंही तिला सुचेना.

"ओरडतेस काय?" ताई धापा टाकत म्हणाल्या. "दम संपला माझा. गडी पकडलास की नाही, ते सांग!"