शहाण्णव टक्के

"हा हातही बाथरूममध्येच घसरून मोडला?" डॉक्टर निशाने विचारलं.

"व्हय की," महांतेश म्हणाला. "मी फौंड्रीतनं आलो तर आप्पा फरशीवर पडलेलं. तसंच रिक्षात घातलं आन् आणलं."

पाच महिन्यांतली ही तिसरी खेप. आधी बरगड्या, मग बोटं, आता डावा हात. महांतेशचे वडील चन्नाप्पा बहात्तर वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला तेव्हा उजवं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. आता घशातून नुसती घरघर यायची. खाटेशी त्यांची बायको रत्नव्वा उभी होती. मूठभर म्हातारी, पदरानं नवऱ्याच्या तोंडावरची लाळ पुसत होती.

निशाने एक्स-रे संगणकावर टाकला. राजारामपुरीतल्या या दवाखान्यात तिच्या धाकट्या भावानं, प्रसेनजीतनं, एक प्रोग्रॅम बसवून दिला होता. तो आधी त्यानं चंदगडच्या एका कारखान्यासाठी केला होता, फोटोवरून तडे गेलेला काजू निवडायला. मग वारणानगरकडं म्हशींचे आजार ओळखायला लावला. तिसरी पाळी हाडांची. पडलेल्या आणि मारलेल्या माणसांचे आठ हजार एक्स-रे त्याला दाखवले, तेव्हा तो दोन्हींतला फरक आपला आपण शिकला.

"फक्त एक ध्यानात ठेव, ताई," प्रसेनजीत म्हणाला होता. "त्याला माणसं कळत न्हाईत. हाडं कळतात."

पडद्यावर आकडा उमटला. मारहाण, शहाण्णव टक्के.

निशाने आधीचे दोन्ही एक्स-रे काढून तपासले. एक्क्याण्णव. चौऱ्याण्णव. डोक्यावर बसणारा घाव अडवायला माणूस हात आडवा धरतो, हाड मोडलं होतं ते बरोबर तिथंच. तिचं डोकं तापलं. औषधाच्या चिठ्ठीचं निमित्त करून तिनं महांतेशला खाली पाठवलं आणि रत्नव्वाला बाजूला घेतलं.

"आजी, घरात कोण कोण असतं?"

"आमी तिघंच. सून भांडून म्हायेरला गेलीया."

"आजोबांना कुणी मारतं?"

रत्नव्वानं पदर तोंडाला लावला.

"माझ्या पोटचा हाय त्यो, डॉक्टर. माझ्या तोंडातनं काय वदवून घेऊ नगासा."

निशाने पोलिसांना फोन लावला. दाराशी उभ्या असलेल्या कृष्णात वॉचमननं तो ऐकला, आणि पोलीस यायच्या आधी महांतेश औषधं घेऊन वर आला.

"लुळ्या बापावर हात टाकतोस व्हय रं?" कृष्णातनं त्याची कॉलर धरली आणि थोबाडात हाणली.

पुढं कुणी कुणाला विचारलं नाही. पेशंटचे नातेवाईक धावून आले. एकानं पोटात लाथ घातली, दुसऱ्यानं सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून पाठीत घातला. महांतेशचं तोंड भिंतीवर आपटलं. फरशीवर रक्त सांडलं, त्यात दोन दात पडले. औषधाची बाटली फुटून तिच्या काचा त्याच्या तळहातात रुतल्या.

"म्या न्हाय!" तो ओरडत होता. "आव्वा, सांग की ह्यास्नी!"

रत्नव्वानं पाठ फिरवली आणि नवऱ्याचं पांघरूण नीट करायला लागली. चन्नाप्पा खाटेवर गुरासारखे हंबरत होते. उठायला गेले आणि कोसळले. पोराच्या नुसत्या आवाजानं बापाची ही अवस्था, असं निशाला वाटलं. ती त्या लोकांना थांबवू शकली असती. थांबवलंही तिनं, पण महांतेशची शुद्ध गेल्यावर.

त्याला जामीन मिळाला नाही. कोर्टात तीन एक्स-रे आणि तीन आकडे जोडले गेले. वर्तमानपत्रात बहीण-भावाचा फोटो आला. जबडा तारांनी आवळलेल्या अवस्थेत महांतेश तुरुंगात गेला. तिथंही त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं म्हणे. बापाला मारणाऱ्याला आतलेही सोडत नाहीत.

चन्नाप्पांना घरी सोडायच्या दिवशी त्यांनी प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी निशाचा पांढरा कोट धरला. सोडेनात. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिला एकेक बोट उलगडावं लागलं.

"आता भ्यायचं नाही, आजोबा," ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "आता घरात फक्त आजीच आहेत."

म्हातारा घुसमटल्यासारखा आवाज काढत राहिला. रिक्षा वळेपर्यंत तो ऐकू येत होता.

तीन आठवड्यांनी, रविवारी भर दुपारी, निशा स्वतः प्लास्टर बघायला त्यांच्या घरी निघाली. एवढी काळजी ती कुठल्या पेशंटची घेत नसे. पण या घरात आपण काहीतरी चांगलं केलं याचं समाधान होतं, ते एकदा डोळ्यांनी बघावं असं तिला वाटत होतं. वाटेत तिनं डझनभर केळी घेतली.

घर गल्लीच्या टोकाला. दार नुसतं लोटलेलं. आतून धप्, धप् असा कांडल्याचा आवाज येत होता. आजी मिरची कांडत असतील, असं म्हणत तिनं दार ढकललं.

चन्नाप्पा कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून पडले होते. प्लास्टरचा हात डोक्यावर आडवा. प्लास्टर मधोमध दुभंगलेलं. समोर पाटावर रत्नव्वा बसली होती, हातात मुसळ. तिला धाप लागली होती, पण चेहऱ्यावर राग नव्हता. लहान पोराला घास भरवताना बोलावं तशी ती हळू आवाजात नवऱ्याशी बोलत होती. दारातली सावली तिला दिसली नाही.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्सी तुमी मला घातलेला मार काल फिटला," असं म्हणून तिनं मुसळ दोन्ही हातांनी उचललं. "आजचा, महांतेश पोटात व्हता तवाचा."