लाल पट्टा

मिसेस स्टबलींनी कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवला आणि तोफगोळ्याच्या खांद्यावरच्या लाल पट्ट्यावरून फिरवला. अर्नशॉंच्या स्वयंपाकघरात सगळे बोळ्याकडे बघत होते. बोळा पांढराच राहिला.

"स्पिरिटाने काय होतंय?" नॉर्मन टिंडल म्हणाला. "स्पिरिटाने माझ्या ट्रॅक्टरचाही रंग सुटत नाही."

"तू केक खा, नॉर्मन," क्लेमेंट अर्नशॉ म्हणाला.

भांडण अकरा वर्षांचं होतं. यॉर्कशायरच्या त्यांच्या युद्धवस्तू-संग्राहक मंडळात बाकीच्यांच्या खोल्याच्या खोल्या भरलेल्या. क्लेमेंटकडे गोळा एकच. पण पहिल्या महायुद्धातला, कारखान्याच्या मूळ रंगासकट टिकलेला गोळा दुसऱ्या कोणाकडे नव्हता. नॉर्मनच्या मते तो क्लेमेंटकडेही नव्हता. मंडळाचा अध्यक्ष या नात्याने दर प्रदर्शनात नॉर्मन गोळ्यापुढे स्वहस्ते चिठ्ठी ठेवी: 'नंतर रंगवलेला'. लोक चिठ्ठी वाचत आणि क्लेमेंटकडे बघत, केसांचा टोप घातलेल्या माणसाच्या डोक्याकडे बघावं तसे. नॉर्मनने आयुष्यात कधी चूक कबूल केली नव्हती. तशी वेळच आली नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी दोघांनी मिळून मिसेस स्टबलींना बोलावलं. त्यांची चाळीस वर्षं रंगाच्या कारखान्यात गेली होती. त्या म्हणतील ते अखेरचं, असं ठरलं.

प्रदर्शन नसे तेव्हा गोळा स्वयंपाकघराचं दार उघडं धरायला उभा असे, ओव्हनपासून दोन हातांवर. क्लेमेंटच्या सासऱ्यांनी तो लग्नात दिला होता. "आत काही नाही," असं त्यांनी सांगितलं होतं. आपलं छप्पर गळत नाही, असंही ते सांगत.

"बुडाचा रंग का उडालाय?" मिसेस स्टबलींनी विचारलं.

"अक्रोड," क्लेमेंटची बायको डोरीन म्हणाली. "नाताळात. एकदा आपटला की चार-चार फुटतात."

मिसेस स्टबलींनी भिंग लावलं. पोलादावर ठोकलेले अंक रंगाने बुजलेले नव्हते, पुन्हा रंगवल्यावर बुजतात तसे. पट्टा एका जागी किंचित जाड होता, ब्रश टेकवून घाईने उचलल्यासारखा.

"बघा, बघा, वेडावाकडा!" नॉर्मन म्हणाला.

"म्हणूनच खरा वाटतो. नकली करणारा एवढा निष्काळजी नसतो." भिंग गोळ्याच्या निमुळत्या नाकावरच्या बुचापाशी थांबलं. "हे बूच कधी काढलं होतं?"

"छे! कुणाला हात लावू दिला नाही मी. मूळ रंगाला ओरखडा गेला असता."

"ते दिसतंय. सांध्यावर रंगाची अखंड साय आहे. बूच एकदा जरी फिरलं असतं, तरी तिला तडा गेला असता." त्यांनी भिंग डबीत ठेवलं आणि कोट उचलला. "अस्सल आहे, मिस्टर अर्नशॉ. कारखान्यातून निघाला तसाच."

क्लेमेंटचे डोळे भरून आले. अकरा वर्षं! "ऐकलंस, नॉर्मन? आणि पट्टा? पट्ट्याचंही सांगा ना त्याला."

"पट्टा तर नक्कीच." मिसेस स्टबली दारात पोचल्या होत्या. "तो सगळ्यात शेवटी ओढायचे. आत दारू भरून झाली, की."

हे दोघांनाही ठाऊक होतं. मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण वाद पट्टा खरा की खोटा एवढाच होता. खरा निघाला तर काय, इथवर अकरा वर्षांत कोणी गेलंच नव्हतं.

डोरीनने ओव्हन बंद केला. हळूच.

क्लेमेंट जागचा हलला नाही. गोळ्यावरची नजर न काढता, फार गोड आवाजात तो म्हणाला, "नॉर्मन, तू जाणकार माणूस. इतकी वर्षं सांगतोयस, नंतर रंगवलाय म्हणून. जरा पुन्हा नीट बघतोस का?"

नॉर्मन तोवर बागेच्या फाटकापलीकडे होता.

"नाही रे बाबा," तो तिथून ओरडला, "चुकलं माझं! अस्सलच आहे!"