बॅटरी उतरली की

“नवी गाडी, आन् मीटरचा काटासुद्धा हालत न्हाय! चिपच गेली असणार,” म्हणत दादानं बॉनेटवर बुक्की मारली.

मी शिरोलीच्या कारखान्यात असल्याच चिपा तपासते. म्हणाले, “चिप चांगली हाय. बॅटरी उतरली की चुकीचे निरोप जाऊ नयेत म्हणून ती आपण होऊन गप्प बसते. करंट मिळाला की बोलंल.”

दादा पळत जाऊन चार्जर घेऊन आला.

तोवर आई मला म्हणाली, “तुझ्या वैनीचं डोस्कं बिघडलंय. बाळंत झाल्यापासनं तोंडच उघडत न्हाय.”

सगळ्यांची जेवणं उरकली होती, वैनी तेवढी राहिली होती. मी भाकरीची बुट्टी उघडली. तळाला अर्धी भाकरी होती.

ती बुट्टी मी दादाच्या पुढ्यात आपटली.

“गाडीसाठी पळालास की!”