मोटर बांधणारा

"दादा, आठ महिन्यांत घरघंटीची मोटर जळाली. कंपनी बुडाली, आणि दुकानदार म्हणतो, तूच बिघडवलीस! माझं पोट त्या दळणावर आहे हो." शेजारची सुगंधा रडकुंडीला आली होती.

"विकली त्यानं, तर तोही जबाबदार. ग्राहक आयोगात जा," भालचंद्र म्हणाला. "दोष बनावटीतला आहे, एवढं जाणकाराकडून लिहून घे."

"तुम्हीच द्या की. मोटरी दुरुस्त करता, आधी त्याच कंपनीत होतात."

त्यानं मोटर उघडली. आत त्याचाच कामगार क्रमांक होता. कंपनीच्या शेवटच्या दिवसांत, तारांवरचं वार्निश न सुकवता घाईनं बांधलेली मोटर.

त्यानं कागद ओढून लिहिलं: दोष बनावटीतलाच आहे. ही मोटर मी बांधली.

सुगंधा वाचून दचकली. "हे कळल्यावर तुमच्याकडे मोटर कोण आणेल?"

"नाही लिहिलं, तर आणलेली मोटर कुठल्या तोंडानं घेऊ?"