रासबेरीची छाटणी

वांदाने कात्री हिरव्या छडीच्या बुडाशी लावली, तसा खुर्चीतला तेओदोर ताठ झाला.

"हो!" तो ओरडला.

"बघ, जमतंय ना मला?" वांदा नवऱ्याकडे बघून हसली आणि तिने छडी कापली.

मे महिन्यात पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून त्याच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी हो, दुखलं तरी हो, नको असलं तरी हो. उजवा हात मांडीवर पडून असायचा. मान 'नाही' म्हणून हलवायला जावं, तर तीही वर-खालीच हलायची.

पोलंडमधल्या पोझ्नान शहराच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगतच्या या बागेच्या तुकड्यावर त्याने एकतीस वर्षं काढली होती. वांदाकडे फक्त मुरंब्यांचं काम. कात्रीला तो तिला हात लावू द्यायचा नाही. आता सप्टेंबर लागला होता, हिवाळ्याआधी आवराआवर करा म्हणून बागांच्या समितीची चिठ्ठी फाटकावर आली होती, आणि ती सकाळपासून एकटी राबत होती. टोमॅटोची वाळकी झाडं उपटली, गळलेली सफरचंदं वेचली, लसणासाठी वाफा खणला. सगळं अगदी नीट. मग ती रासबेरीकडे वळली.

या उन्हाळ्यात फळलेल्या छड्या तपकिरी पडल्या होत्या. त्या आता मरणारच, कापायच्या त्या. त्यांच्या शेजारून यंदा फुटलेल्या हिरव्या छड्यांना पुढच्या जुलैत फळं यायची. इतकं साधं होतं. आणि वांदा हिरव्या कापत होती.

"ही कोवळी पोरं गारठ्यात कुठली टिकतायत," ती म्हणाली. "जाड आहेत त्या राहू देत. बरोबर?"

"हो! हो! हो!"

"अरे, किती खूश होशील! इतक्या वर्षांत एकदा शाबास म्हणाला नाहीस."

त्याने डाव्या हाताने डोक्यावरची टोपी ओढली आणि तिच्या दिशेने भिरकावली. ती तिच्या पायाशी जाऊन पडली. वांदाने ती झटकली, त्याच्या डोक्यावर घातली आणि कानांवर नीट ओढली.

"थंडी बाधेल. बस गप."

तिने शेवटची हिरवी छडी कापली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वाऱ्याने आलं असेल असं समजून तिने ते ॲप्रनच्या टोकाने पुसलं.

तेवढ्यात शेजारच्या तुकड्यावरचा रोमान कुंपणापाशी आला. हिरव्या छड्यांचा ढीग बघून त्याची सिगारेट ओठातच राहिली.

"अहो वांदाबाई, हे काय? या तर..."

वांदाचा चेहरा उतरला. तिच्या दोन्ही मनगटांवर ओरखडे उठले होते, गालाला माती लागली होती. ती नवऱ्याकडे वळली.

"तेओ, बरोबर केलंय ना मी?"

तेओदोरने तिच्या मनगटांकडे पाहिलं. मग रोमानकडे, बराच वेळ.

"हो," तो म्हणाला. या खेपेला ओरडून नाही.

रोमानने सिगारेट बुटाखाली चिरडली.

"या तर एका सकाळीच उरकल्यात तुम्ही, असं म्हणत होतो. मला दोन दिवस लागतात." आणि तो मागे न बघता आपल्या बागेतल्या अवजारांच्या झोपडीकडे निघून गेला.

वांदाने सुतळीचं बंडल आणलं. तारेला बांधलेल्या नसल्या तर हिवाळ्यातल्या वाऱ्याने छड्या मोडतात, हे तिला माहीत होतं. सुतळीचं टोक तिने तेओदोरच्या डाव्या मुठीत दिलं.

"घट्ट धर हं. सोडू नकोस."

त्याने घट्ट धरलं. ती वाळत चाललेल्या छड्या एकेक करून उभ्या करत, तारेशी बांधत गेली. प्रत्येकीला दोन दोन गाठी.