धुक्यातली खाडी

पाविआ गप्प बसला असता, तर दर हंगामाला होडी भरून शिकार त्याचीच होती. ग्रीनलंडच्या त्या खाडीत हजारो समुद्रपक्षी पिल्लं घेऊन जमतात, हे त्याने चाळीस वर्षं सख्ख्या मेहुण्यालाही कळू दिलं नव्हतं. त्याची भाची नाया तेलाच्या जहाजांसाठी नकाशा करत होती: पक्ष्यांची जागा लाल, तिथे जहाजाला बंदी. विमानातून पक्षी मोजताना धुकं होतं, म्हणून खाडी कोरी राहिली. पाविआने नकाशावर त्या कोऱ्या जागी बोट टेकवलं आणि पक्ष्यांचं सांगून टाकलं. “मामा, लाल केलं की शिकारही बंद. पहिली तुझीच.” “माहितेय गं. मी पिल्लं उडेपर्यंत थांबतो, तेल थांबेल का?” “बाबांना कधी सांगितलं नाहीस!” “तुझा बाप तेलाहून हावरट!” खाडी लाल झाली. आता खाडीला वळसा घालायच्या जादा डिझेलचे पैसे जहाजवाले भरतात, आणि पाविआ दुकानातल्या गोठवलेल्या डॅनिश कोंबडीचे पैसे मोजतो. तेही छाती फुगवून, मेहुण्यासमोर.